चोचीतला शेवटचा घास
(फुलामुलांचे कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या जीवनावर)

मित्रहो, मागच्या सेमिस्टरला घोकलेली सूत्रं आज कुणाला आठवतात का हो? व्हायवाला बाहेरचे परीक्षक समोर बसले की आपण डोकं खाजवतो, छताकडे बघतो आणि शेवटी सर, पाठ होतं पण आता आठवत नाही, असं म्हणून सुटका करून घेतो. पण दुसरी-तिसरीतल्या कवितांचं तसं होत नाही. कावळ्याचं शेणाचं घर पावसात वाहून गेलं आणि चिमणीचं मेणाचं घर तसंच राहिलं, ही गोष्ट आपल्याला कुणी परीक्षेसाठी शिकवली नव्हती. लेकीकडे जाऊन जाडजूड होणारी आणि भोपळ्यात बसून वाघाला चकवणारी म्हातारीही कुठल्या अभ्यासक्रमात नव्हती. तरी त्या गोष्टी आजही ताल-लयीसकट आठवतात. असं का होत असेल?

एक कारण उघड आहे. यमक आणि चाल यांनी बांधलेली गोष्ट सहसा सुटत नाही. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. या गोष्टी आपल्याला उपदेश करत नाहीत. सदाशिव काशीनाथ छत्रे यांची इसापनीती १८२८ साली मराठीत छापून निघाली. तेव्हापासून आपल्याकडे गोष्टीच्या शेवटी तात्पर्य लिहायची सवय रुजली. कोल्हा, द्राक्षं, आणि खाली तात्पर्य. मुलं मात्र हुशार असतात, गोष्ट वाचतात आणि तात्पर्य गाळतात! याउलट चिऊ-काऊच्या गोष्टीला तात्पर्यच नाही. चिमणी दार लवकर उघडत नाही, बाहेर कावळा भिजत राहतो. यात चूक कोणाची? कावळ्याची, की आपल्या बाळाच्या तीट-काजळात गुंतून शेजाऱ्याला ताटकळत ठेवणाऱ्या चिमणीची? उत्तर ज्याचं त्याने शोधायचं.

मी मूळचा नळदुर्गचा, आणि शिकतोय स्थापत्य अभियांत्रिकी, म्हणून मला हे सांगताना आमच्या किल्ल्यातला पाणीमहाल आठवतो. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ साली, बोरी नदीवर हा दगडी बांध घातला गेला. पावसाळ्यात नर आणि मादी हे दोन धबधबे त्यावरून कोसळतात आणि सोलापूर, उमरगा, तुळजापूरकडची माणसं ते बघायला गर्दी करतात. पण नुसते धबधबे बघून परत जाणाऱ्याला कळत नाही की त्या बांधाच्या पोटातच एक महाल आहे! डोक्यावरून नदी वाहत असते आणि आत माणूस कोरडा उभा राहून खिडकीतून ते पाणी बघत असतो. जुन्या पद्यकथांतली शिकवण मला अशीच वाटते. बाहेरून दिसतो तो यमकांचा धबधबा. आत जायचा जिना ज्याला सापडला त्यालाच महाल दिसतो.

मराठीत असा महाल बांधणारे जे मोजके कारागीर झाले, त्यांत रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचं नाव फार वरचं. लोक त्यांना फुलामुलांचे कवी म्हणतात. शाळेत आपण नावाखाली जन्म-मृत्यूचं साल लिहिलं आणि पुढे गेलो. पण हा माणूस कसा जगला हे वाचलं की त्यांच्या कवितांचा अर्थच बदलतो. म्हणून हा लेखनप्रपंच.

नारायणरावांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगाव इथे झाला. (त्याच्या आदल्याच वर्षी, १८६० मध्ये, इंग्रजांनी आमचं नळदुर्ग निजामाला परत दिलं होतं. एवढा तो काळ जुना!) वडील वामनराव सरकारी नोकरीत. स्वभाव तापट, आणि या मुलाशी त्यांचं कधी फारसं जमलं नाही. आई जानकीबाई मात्र मायाळू, कवितेची आवड असणारी. मुलाला जो काही गोडवा मिळाला तो तिच्याकडून. पण आईचं छत्र लहानपणीच हरपलं, आणि अकरा-बारा वर्षांचा हा मुलगा घर सोडून निघाला. हातात पैसा नाही, ओळख नाही. नाशिकला आला आणि तिथे गणेशशास्त्री लेले यांच्यासारख्या विद्वानाकडे संस्कृत शिकला. जेवणाची सोय आज इथे, उद्या तिथे. आपल्याला मेसची भाजी पातळ झाली की राग येतो. या मुलाला उद्या जेवण आहे की नाही हेच माहीत नसायचं. इंग्रजी शाळेत थोडे दिवस गेला, पण मॅट्रिकसुद्धा झाला नाही. तरी संस्कृत आणि मराठीवर त्याने असं प्रभुत्व मिळवलं की पुढे मोठमोठे पंडित त्याला मानू लागले.

१८८० साली त्यांचं लग्न नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांच्या मुलीशी झालं. ती अकरा-बारा वर्षांची, शाळेचं तोंड न पाहिलेली. तीच पुढे 'स्मृतिचित्रे' लिहिणारी लक्ष्मीबाई टिळक! टिळकांनी तिला अक्षरओळख करून दिली. पण संसार म्हणजे नुसती धावपळ. आज या गावी मास्तरकी, उद्या त्या गावी कीर्तन, परवा कुठल्या मासिकाचं काम. नागपूरला आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांचं काम केलं, 'ऋषी' नावाचं मासिक चालवलं. घरखर्चाला आलेला पैसा रस्त्यात भेटलेल्या गरजवंताच्या हातात जायचा. डोकं तापलं की न सांगता घरातून निघून जायचे आणि कधी परततील याचा नेम नसायचा. हे सगळं लक्ष्मीबाईंनीच लिहून ठेवलंय, आणि गंमत म्हणजे हसत हसत लिहिलंय.

१८९३ साली रेल्वेच्या प्रवासात त्यांना एक युरोपियन गृहस्थ भेटला. बोलता बोलता धर्माचा विषय निघाला, आणि उतरताना त्याने टिळकांना बायबलची प्रत दिली. टिळक वाचू लागले. डोंगरावरच्या प्रवचनापाशी येऊन थांबले आणि तिथेच गुंतले. जातिभेदाचा त्यांना आधीपासूनच तिटकारा होता. दोन वर्षं मनात झुंज चालली आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. तुकोबांचे अभंग आपल्याला ख्रिस्तापर्यंत नेणारा पूल झाले, असं ते पुढे आयुष्यभर सांगत राहिले. अभंगाच्या चालीत ख्रिस्ताची भजनं त्यांनी लिहिली, टाळ-चिपळ्या घेऊन कीर्तनं केली. मराठी चर्चमध्ये त्यांची भजनं आजही गायली जातात.

पण या निर्णयाची किंमत कोणी दिली? त्यांनी दिलीच, आप्त तुटले, वाळीत पडले. त्याहून मोठी किंमत लक्ष्मीबाईंनी दिली. त्या काळी नवरा ख्रिस्ती झाला म्हणजे घरच्यांच्या दृष्टीने मेल्यातच जमा. कपाळावर कुंकू आहे पण नवरा नाही, कडेला तीन-चार वर्षांचा दत्तू, आणि नातेवाइकांच्या दारात दिवस काढायचे. चार-पाच वर्षं अशी गेली. मग ती दोघं पुन्हा एकत्र आली. सुरुवातीला लक्ष्मीबाईंनी आपली चूल वेगळी ठेवली, सोवळं पाळलं. हळूहळू, स्वतःच्या डोक्याने विचार करत, त्यांनी एकेक बंधन सोडलं आणि १९०० साली दत्तूसह त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. कुणाच्या धाकाने नव्हे, स्वतःला पटलं तेव्हाच!

आता वळू या त्या कवितेकडे, जिच्यामुळे हा लेख लिहायला घेतला. 'केवढे हे क्रौर्य!' ही कविता आपल्या आजोबांच्या पिढीपासून मराठी मुलं पाठ करत आली आहेत. वृत्त पृथ्वी, ओळीत सतरा अक्षरं, आठव्या अक्षरावर थांबा. गोष्ट अगदी साधी आहे. एका पक्षिणीला बाण लागलाय. ती पडते, उठते, पुन्हा उडते, डोळ्यांवर अंधारी येते, वाट चुकते, रक्त गळतंय, तरी ती आपल्या ढोलीपर्यंत पोचते. का? तर चोचीत पिलांसाठी घास आहे. तो भरवायचा राहिलाय. ती पिलांना सांगते की हा शेवटचा घास, यापुढे तुम्हाला देवच सांभाळील. सकाळी जिने गाऊन माणसांना रिझवलं, तिलाच माणसाने मारलं, याचं तिला नवल वाटतं. आणि मग एका निरपराध, दुबळ्या पाखराला मारणारा माणूस किती शूर, किती उदार, असा टोमणा ती मारते.

नीट बघितलं तर या कवितेत मारू नका हे वाक्य कुठेच नाही! पारध्याला नाव नाही, चेहरा नाही, त्याची भूक नाही, राग नाही. तो कवितेत येतो तो फक्त बाण म्हणून. टिळकांनी त्याला राक्षस केलं असतं तर आपलं काम सोपं झालं असतं. आपण राक्षस नाही, असं म्हणून आपण मोकळे झालो असतो. पण बाण कोणाचाही असू शकतो. इथे महालाचा जिना लागतो.

पक्षी आणि बाण ही जोडी आपल्याकडे फार जुनी. क्रौंचाच्या जोडीतला नर मारला गेला आणि वाल्मीकींच्या तोंडून श्लोक बाहेर पडला, ही कथा सगळ्यांना माहीत आहे. तिथे बोलतात ते ऋषी, आणि त्यांच्या तोंडून निघतो तो शाप. इंग्रजी पोरं 'कॉक रॉबिन'चं बडबडगीत म्हणतात. त्यातही रॉबिन पक्ष्याला बाण लागतो, चिमणा उघडपणे कबुली देतो आणि बाकीचे प्राणी अंत्ययात्रेची कामं वाटून घेतात. टिळकांनी वेगळं काय केलं? त्यांनी मरणाऱ्या पक्षिणीलाच बोलतं केलं. ती शाप देत बसत नाही, तिच्याकडे तेवढा वेळच नाही. आधी घास भरवते, मग बोलते. प्रेमाचा क्रम पहिला आणि तक्रारीचा दुसरा. ही शिकवण कुठल्याही तात्पर्यात मावली नसती.

आणि आई गेल्यावर उघड्यावर पडलेल्या मुलाने ही कविता लिहिलीय, हे कळल्यावर ढोलीतली ती पिलं मला वेगळीच दिसू लागली. त्यांनी स्वतः तसं कुठे सांगितलं म्हणून नव्हे. पण ज्याचा शेवटचा घास लवकर संपला, त्यालाच त्याची चव कळणार ना?

इथे एक प्रश्न टाळता येत नाही. पाखराच्या आईसाठी रडणारा हा कवी घरात तसाच वागला का? नाही. न सांगता निघून जाणं, संतापणं, घरात दाणा नसताना दान करणं, आणि पत्नीच्या संमतीची वाट न पाहता धर्मांतर करणं, यातला एकेक बाण लक्ष्मीबाईंना लागलेला आहे. मग त्यांची कविता खोटी ठरते का? आमच्या खोलीत यावर बराच वाद झाला. माझा रूममेट म्हणाला की जो स्वतः आचरत नाही त्याचा उपदेश वाचायचा कशाला. मला ते पटत नाही. कवितेतलं सत्य कवीपेक्षा मोठं असू शकतं. प्रमाणपट्टी घडवणाऱ्या लोहाराचं घर वाकडं असेल, म्हणून पट्टी वाकडी होत नाही. फक्त एक व्हायला हवं, ती पट्टी त्याने स्वतःलाही लावून घेतली पाहिजे. टिळकांनी ती लावली का? त्यांचं पुढचं आयुष्य बघितलं तर उत्तर बरंचसं होकाराकडे झुकतं.

अहमदनगरला (आजचं अहिल्यानगर) त्यांनी अमेरिकन मराठी मिशनच्या सेमिनरीत शिकवलं, १९०४ मध्ये रेव्हरंड झाले. राहुरीच्या आणि नगरच्या त्यांच्या घराचं दार कधी बंद नसे. अनाथ मुलं, गरीब विद्यार्थी, भटके कवी, जो येईल तो पंगतीला. १९०७ साली जळगावला कविसंमेलन भरलं. तिथे त्र्यंबक बापूजी ठोंबरे नावाच्या सोळा-सतरा वर्षांच्या पोराने कविता म्हटली आणि सभा थक्क झाली. तेच आपले बालकवी. टिळकांनी या पोराला आपल्या घरी नगरला नेलं. लक्ष्मीबाईंनी त्याला पोटच्या मुलासारखं सांभाळलं, त्याचे रुसवे-फुगवे काढले. बालकवी ब्राह्मण आणि हे घर ख्रिस्ती. त्या काळात लोक काय काय बोलले असतील! पण घासाला जात नसते हे त्या घराने नुसतं कवितेत लिहिलं नाही, पानात वाढून दाखवलं. पुढे ५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली सापडून बालकवी गेले, अवघ्या २७व्या वर्षी. टिळकांना हा घाव म्हातारपणी सोसावा लागला.

१९१२ पासून ते 'ज्ञानोदय'च्या मराठी विभागाचं संपादन करत होते. 'वनवासी फूल', 'सुशीला', 'बापाचे अश्रू' अशा लांब कविता त्यांनी लिहिल्या, त्यांतही गोष्ट आणि विचार हातात हात घालून चालतात. १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि ते संन्याशासारखे राहू लागले. साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा झालेला असो वा नसो, ख्रिस्तावर प्रेम करणाऱ्या कोणालाही तिथे जागा होती. म्हणजे ज्या मंडळीसाठी घरदार सोडलं, तिच्याही भिंती त्यांना शेवटी अपुऱ्या वाटल्या. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं.

'ख्रिस्तायन' हे त्यांचं मोठं स्वप्न अर्धवट राहिलं. ओवीबद्ध ख्रिस्तचरित्राचे सुमारे अकराच अध्याय त्यांच्या हातून झाले होते. ते पुढे नेलं कोणी? ज्या मुलीला त्यांनी अक्षरओळख करून दिली होती तिने! लक्ष्मीबाईंनी पुढचे ६४ अध्याय लिहिले. शिवाय 'स्मृतिचित्रे' लिहून मराठीतलं सर्वांत मोकळं, सर्वांत हसरं आत्मचरित्र दिलं. त्यात नवऱ्याचे दोष लपवले नाहीत आणि त्याच्यावरचं प्रेमही लपवलं नाही. जखमी पंखांनी उडत येऊन घास भरवणारी ती पक्षिणी शोधायला रानात जायची गरज नाही, ती टिळकांच्या घरातच होती. त्यांना हे कळलं होतं का, असा विचार माझ्या मनात वारंवार येतो.

आता शेवटी आपल्याबद्दल थोडं. दरवर्षी पावसाळ्यात फर्स्ट इयरची मुलं ट्रंक आणि गादी घेऊन होस्टेलवर येतात. कोणी लातूरचं, कोणी परांड्याचं, कोणी थेट गडचिरोलीचं. घर पहिल्यांदाच सुटलेलं. रात्री पांघरुणात तोंड खुपसून रडतात आणि सकाळी डोळे धुऊन लेक्चरला बसतात. त्यांना रांगेत उभं करून, नाचायला लावून, शर्टाचं तिसरं बटण बघायला लावून आपल्याला कसली मजा मिळते? महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ सालीच झाला. नोटीस बोर्डावर त्याचे कलम-उपकलम लावलेले असतात. ते म्हणजे गोष्टीखालचं तात्पर्य. आपण ते लहानपणापासून गाळत आलोय! पण बाण मारणारा कवितेत राक्षस नव्हता, हे आठवा. तो फक्त गंमत करत असेल. त्याला हेही माहीत नसेल की त्या पाखराच्या चोचीत कोणासाठी तरी घास आहे. आपल्यासमोर मान खाली घालून उभ्या असलेल्या पोराच्या मागेही एक घर असतं. कोणीतरी शेत गहाण टाकून त्याची फी भरलेली असते, आणि हे पोर पास होऊन चार पैसे आणील म्हणून एखादी लहान बहीण वाट बघत असते. त्याच्या चोचीतला तो घास आपल्याला दिसत नाही, इतकंच.

आपण उद्या पूल बांधू, धरणं बांधू, यंत्रं आणि प्रोग्रॅम बनवू. आपल्या प्रत्येक रेखाटनाच्या पलीकडे कुणाचं तरी शेत, घर, ढोली असणार आहे. डिझाइनमध्ये सुरक्षेचा गुणांक घ्यायला आपल्याला शिकवतात. तो पुस्तकात सापडतो. दुसऱ्याच्या चोचीतला घास ओळखायची नजर मात्र पुस्तकात सापडत नाही. ती तिसरी-चौथीत कुणीतरी चालीवर म्हणून घेतलेल्या एखाद्या कवितेतून आलेली असते आणि आत कुठेतरी शांत पडून असते.

तेव्हा सुट्टीत घरी गेलात तर आजी-आजोबांना ही कविता येते का ते विचारा. बहुतेक येईलच. ते म्हणू लागले की मध्ये बोलू नका, आणि संपल्यावर अर्थही विचारू नका. नुसतं ऐका. आणि परत आल्यावर शेजारच्या खोलीत नवीन आलेल्या मुलाला विचारा, जेवलास का रे?

— तृतीय वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी